इच्छापोर : परगण्यापासून प्रभागापर्यंत

सुरतेचा विषय निघाला की आपणां मराठी मंडळींच्या बोलण्यात १६६४ आणि १६७० ही दोन साले हटकून येतात. त्यापुढील हकीकत मात्र फारशी कोणी काढीत नाही. वस्तुतः गुजरातेत आपली घरे वसली ती लुटीमुळे नव्हे, तर नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंमलामुळे, त्यातील चौथाईच्या हिशेबांमुळे आणि कमाविसदारांच्या दप्तरांमुळे. म्हणून या वेळी किल्ला सोडून, तापीच्या उत्तर काठाने हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील इच्छापोर या गावाविषयी लिहावयाचे योजिले आहे. या गावी मोठी लढाई झाल्याचे प्रसिद्ध नाही की कोणी राजपुरुष येथे जन्मल्याचेही नाही. तरी ज्याने हयात सरकारी कागदांत घालविली, त्याला हे गाव विचारात पाडते.

इच्छापोर ज्या तालुक्यात येते त्याचे नाव चोर्यासी, म्हणजे चौऱ्याऐंशी गावांचा समूह. सुरत शहराभोवतालचा हा परगणा. १७१९ च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडचे ठाणे धरले आणि तेथून सुरतेच्या मुलखावर चौथाईचा वसूल सुरू झाला. पुढे पेशवे व गायकवाड यांच्यात गुजरातेची वाटणी झाली आणि सुरतेच्या चौथाईत दोघांचेही हिस्से राहिले. दरम्यान १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला. त्यामुळे किल्ल्यावर इंग्रज, गादीवर नवाब आणि वसुलीला मराठ्यांचे कारकून, असा विलक्षण तिढा या शहरात अनेक वर्षे होता.

हा तिढा सुटला तो रणांगणावर नव्हे. १८०० साली गोविंदराव गायकवाड वारले. आनंदराव गादीवर आले, पण राज्य चालविण्याची कुवत त्यांच्यापाशी नव्हती. कडीचे मल्हारराव उठले, बडोद्यात अरब शिबंदीचे थकलेले पगार डोईजड झाले, आणि दिवाण रावजी आपाजी यांनी मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्याकडे मदत मागितली. मेजर वॉकर फौज घेऊन आला. १८०२ च्या करारांत त्या मदतीच्या मोबदल्यात जे जे इंग्रजांस द्यावे लागले, त्यात सुरतेच्या चौथाईतील गायकवाडांचा हिस्सा होता आणि हा चोर्यासी परगणाही होता. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला वसईच्या तहाने पेशव्यांनीही सुरतेवरील हक्क सोडला. दोन सह्यांत आपला अंमल येथून उठला.

आपल्या जुन्या घरांतून रावजी आपाजींविषयी अद्यापि दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, त्यांनी राज्य वाचविले. कोणी म्हणतात, विकले. माझे मत विचाराल तर त्या घटकेला दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. पण माझ्या मनात प्रश्न निराळाच येतो. चोर्यासी ‘दिली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या गावांतील कोळी, पाटीदार, दुबळा यांपैकी कोणास त्याची खबर होती? त्यांच्या लेखी सारा घ्यावयास येणारा माणूस बदलला, इतकेच.

कंपनीच्या व नंतर मुंबई सरकारच्या अमदानीत या भागातील गावे तलाठी आणि मामलतदार यांच्या हाताखाली चालली. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. १९६१ चा पंचायत कायदा १ एप्रिल १९६३ पासून अंमलात आला आणि गावकारभाराला नवे वळण लागले. सरपंच लोकांनी निवडलेला, चिटणीस मात्र सरकारी. त्याचे गुजरातेतील नाव तलाटी-कम-मंत्री. ही जोडी जेथे जमली तेथे दिवाबत्ती, विहीर, रस्ता ही कामे झाली. जेथे जमली नाही तेथे ठरावबुकाखेरीज काही भरले नाही.

नोकरीच्या आरंभी दक्षिण गुजरातेतीलच एका गावी ग्रामसभेस हजर राहण्याचा प्रसंग मला आला. विषयपत्रिका संपली आणि मी कागद आवरू लागलो. तोच मागे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी उठून विचारले, “साहेब, गेल्या साली टाकीचा ठराव वाचला होता, ती टाकी कुठे आहे?” सारी सभा हसली, मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी फाईल शोधावयास लागलो. फाईल आमच्याच कचेरीत पडून होती. त्या बाईंचे शिक्षण किती होते कोण जाणे. पण हिशेब विचारण्याचा हक्क त्यांना कायद्याने दिला होता आणि त्यांनी तो वापरला.

इच्छापोरचे रूप पालटले ते १९८० नंतरच्या वर्षांत. हजिऱ्याला कृभकोचा खत कारखाना आला, तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प आला, पुढे एस्सारचे पोलाद आले (तो कारखाना २०१९ अखेर आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील यांच्या हाती गेला). इच्छापोरच्या तिठ्यावरून जाणारा महामार्ग तोच, जो पुढे नवापूर, धुळे, जळगाव, नागपूर असा पूर्वेस जातो. याच वाटेने खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेस आली. त्यांची वस्ती उधना, लिंबायतकडे झाली आणि आपल्या जुन्या पेठांतील मराठी घरांशी त्यांचा परिचय दुर्दैवाने बेताचाच राहिला. खुद्द इच्छापोरात औद्योगिक वसाहत आणि हिरे-दागिन्यांचे उद्यान उभे राहिले. शेत गेले, भाड्याच्या खोल्या आल्या.

जनगणना खात्याची एक कसोटी आहे. वस्ती किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरचे, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. या कसोटीस उतरून इच्छापोर जनगणनेच्या पुस्तकात ‘शहर’ ठरले. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. शहराचा कचरा, शहराचे सांडपाणी, शहराची रहदारी. आणि ती सांभाळावयास एक सरपंच व एक तलाटी!

शेवटी २०२० साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली आणि इच्छापोर तिच्यात गेले. २०२१ च्या निवडणुकीत अडाजण-पाल-इच्छापोर असा प्रभाग झाला. हे वाईटच झाले असे मी म्हणणार नाही. १९९४ च्या प्लेगनंतर या महानगरपालिकेने शहर कसे धुऊन काढले ते आपण पाहिले आहे. नळ, गटार, नगररचना यांचे जे बळ तिच्यापाशी आहे ते कोणत्याही ग्रामपंचायतीपाशी येणे नाही. तिच्या शाळांतून मराठी माध्यमही चालते. परंतु प्रत्येक मतदाराला उठून हिशेब विचारता येईल अशी सभा तेथे नाही. १२० नगरसेवकांच्या सभागृहात या प्रभागाचे चार, आणि प्रभागाच्या नावात इच्छापोर तिसरे.

आमच्या खात्यातील अनुभवावरून एक भीती वाटते. ग्रामपंचायत विसर्जित झाली की तिचे दप्तर वरच्या कचेरीत जमा होते. सातबारा व हक्कपत्रक जपले जातात, कारण जमिनीला किंमत आहे. ठरावबुकांना किंमत नसते. १८०२ चा करार बडोदा व मुंबई येथील मुत्सद्द्यांनी लिहिला, जनगणनेचा तक्ता दिल्लीच्या कसोटीने भरला गेला, हद्दवाढीची अधिसूचना गांधीनगरहून निघाली. गावाने स्वतः बसून लिहिलेले म्हणावे असे कागद म्हणजे ही ठरावबुके. विहिरीवरून झालेले तंटे, गायरानाचा विषय, सभेत न आलेल्या सभासदांची नावे, अंगठ्यांच्या निशाण्या, असे सारे त्यांत असते.

सुरतेत राहणाऱ्या वाचकांपैकी कोणाची महानगरपालिकेच्या अभिलेख विभागात ओळख असल्यास, नव्याने आलेल्या गावांची अशी बुके कोठे ठेविली आहेत याची चौकशी करावी. वाळवी पावसाळ्यात लागते. त्याआधी झालेली बरी.