दुनळीची प्रत

मराठीत 'प्रत' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पोथीची प्रत म्हणजे तिची नक्कल. मालाची प्रत म्हणजे त्याचा दर्जा. जुन्या वस्तूंच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंततात, कारण दर्जा सांगणाऱ्या खुणेचीच नक्कल करता येते. अमेरिकेतील पार्कर ब्रदर्स या कारखान्याची दुनळी बंदूक हे याचे बोलके उदाहरण आहे. साहित्याच्या अभ्यासकाला बंदुकीशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पाठचिकित्सेत आपण जी शिस्त पाळतो, तीच येथे लोखंडावर आणि लाकडावर चालवावी लागते, म्हणून हा विषय आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

कनेक्टिकट राज्यातील मेरिडन या गावी चार्ल्स पार्कर (1809–1902) याचा कारखाना होता. कॉफी दळण्याच्या चक्क्यांसारख्या रोजच्या वापरातील वस्तू तेथे तयार होत. यादवी युद्धाच्या काळात कारखान्याने सैन्यासाठी बंदुका केल्या. युद्ध संपल्यावर, 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात, तो शिकारीच्या दुनळीकडे वळला. 1934 मध्ये हा व्यवसाय रेमिंग्टन कंपनीने घेतला, पुढे उत्पादन न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथे गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 च्या सुमारास, ते थांबले. तोवर सुमारे 2,42,000 बंदुका तयार झाल्या होत्या.

अशी एखादी बंदूक हाती आली की पहिला प्रश्न असतो, 'हे मॉडेल कोणते?' हा प्रश्न पार्करच्या बाबतीत थोडा फसवा आहे. बाहेरून घोडे दिसणारी जुनी बंदूक आणि 1880 च्या दशकाच्या अखेरीस आलेली, घोडे आत लपवलेली बंदूक, हा रचनेतला मुख्य भेद. त्यापुढचा भेद प्रतीचा. 'डीएचई' या नावातील पहिले अक्षर प्रत सांगते, 'एच' म्हणजे घोडे आत असलेली, आणि 'ई' म्हणजे झाडलेले काडतूस आपोआप बाहेर फेकणारी. व्ही, पी, जी, डी, सी, बी, ए, एए आणि शेवटी ए-वन स्पेशल अशी ही चढती भाजणी आहे. 'ट्रोजन' ही साधी, स्वस्त बंदूक या अक्षरमालेच्या बाहेर राहिली. अक्षरांच्या या मालेत वरच्या आणि खालच्या बंदुकीची यंत्रणा मूलतः एकच असे. वाढत जाई ते नक्षीकाम, दस्त्याच्या लाकडाची निवड आणि कारागिराचे तास. प्रत म्हणजे श्रमाची मोजदाद होती. नेमबाजाच्या हाताला तिने विशेष काही दिले, असे म्हणता येत नाही.

ही मोजदाद वाचायची कोठे? नक्षी प्रथम डोळ्यांत भरते, पण साक्ष आत असते. रिकाम्या बंदुकीच्या नळ्या उतरवल्या की त्या ज्या सपाट पृष्ठावर टेकतात, तेथे अनुक्रमांक आणि प्रतीचा अंक ठोकलेला आढळतो: जीला 2, डीला 3, सीला 4, आणि याच क्रमाने एएला 7. नळ्यांच्या खालच्या बाजूलाही अंक असतात. त्यांत एक चौकटीच्या आकाराचा असतो आणि नवखा वाचक नेमका येथे चकतो. चौकटीचा 2 हा प्रतीचा 2 समजून साधी व्ही बंदूक जी ठरवली जाते. एकच चिन्ह दोन जागी दोन अर्थ धारण करते. जागा वाचली नाही, तर अंक वाचूनही काही वाचले असे होत नाही.

नळीचे पोलाद हा दुसरा साक्षीदार. व्हीवर 'व्हल्कन', डीवर 'टायटॅनिक', सीवर 'ॲक्मे' अशी पोलादाची नावे येतात. ('टायटॅनिक' हे नाव त्या प्रसिद्ध जहाजाच्या आधीपासूनचे आहे.) अंक एक प्रत सांगतो आणि पोलाद दुसरी, असे झाले तर शंकेला जागा निर्माण होते. नळ्या मागाहून बदलल्या असतील, गिऱ्हाइकाने खास मागणी केली असेल, किंवा कोणी लबाडी केली असेल.

लबाडीचे कारण पैसा. वरच्या प्रतीच्या बंदुका थोड्याच झाल्या. सर्वांत वरची 'इन्व्हिन्सिबल' तर तीनच. म्हणून साध्या व्हीवर नवी नक्षी कोरायची, लाकूड बदलायचे, जुना अंक घासून नवा ठोकायचा, हा उद्योग चालत आला आहे. कोरणारा हात कधी कधी मूळ कारागिराच्या तोडीचा असतो, त्यामुळे केवळ सौंदर्याच्या कसोटीवर तो पकडला जात नाही. येथे बाह्य पुरावा लागतो. कारखान्याच्या मागणीवह्या आणि साठावह्या, मधल्या काही खंडांसह, टिकून आहेत. पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशन ही संग्राहकांची संस्था अनुक्रमांकावरून त्यांतील नोंद शोधून देते. याउलट 1980 च्या दशकात जपानमध्ये पार्करच्या उत्तम प्रतिकृती तयार झाल्या. त्यांनी आपण प्रतिकृती असल्याचे लपवले नाही, म्हणून त्यांच्यावर बनावटपणाचा आरोप येत नाही.

खोट्या प्रतीने खरेदीदार फसतो, हे नुकसान उघड आहे. आम्हांला त्याहून मोठे वाटणारे नुकसान निराळे आहे. 1899 मध्ये पन्नास डॉलरांच्या किमतीने बाजारात आलेली व्ही ही सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यातील पार्कर होती. तिच्या दस्त्यावरची झीज आणि कडेची मोजकी रेघ हा त्या वर्गाच्या जीवनाचा दस्तऐवज आहे. तिला ए-वन स्पेशल करणारा एक खोटा दस्तऐवज निर्माण करतो आणि त्याच हाताने एक खरा नष्ट करतो. पोथीत घुसडलेला श्लोक काढून टाकता येतो, कारण इतर पोथ्या शिल्लक असतात. घासून गेलेला अंक मात्र परत येत नाही. उरते ती वहीतील एक ओळ, तीही वही टिकली असेल तर. प्रत ओळखणे म्हणजे वस्तूला वरचे स्थान मिळवून देणे, असा समज आहे. आमच्या मते तिला तिच्याच पायरीवर, तिच्या मूळ नावानिशी उभे राहू देणे हे या ओळखीचे खरे काम आहे.