तैलस्नान वायुशोधक आणि कागदी गाळणी : एका स्थित्यंतराचा इतिहास

अंतर्ज्वलन एंजिनाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा इंधन, प्रज्वलन आणि धातुविद्या यांची चर्चा विस्ताराने होते. एंजिन जी हवा ओढून घेते तिच्या शुद्धतेचा प्रश्न मात्र बहुधा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. वस्तुतः एक लिटर पेट्रोल नीट जळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे आकारमानाच्या दृष्टीने पाहता एंजिन हे मुख्यतः हवा गिळणारे यंत्र होय, आणि त्या हवेबरोबर रस्त्यावरचे जे काही असेल ते त्याच्या पोटात जाते. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे प्रमाण मोठे असते. क्वार्ट्झ हे ओतीव लोखंडाहून कठीण असल्यामुळे त्याचे सूक्ष्म कण तेलात मिसळले की दट्ट्याच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये घासणीच्या पुडीसारखे काम करतात.

आरंभीच्या मोटारींना या संकटाची जाणीव नव्हती असे नव्हे. पण तिची दखल घेतली गेली नव्हती. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीचा कार्ब्युरेटर उघडी हवाच ओढीत असे. प्रश्न तीव्र झाला तो शहरात नव्हे, तर शेतात. नांगरट करणारा ट्रॅक्टर स्वतःच उडविलेल्या धुरळ्यात दिवसभर पूर्ण भाराने चालतो. त्यामुळे मोटारीच्या एंजिनाची जी झीज होण्यास वर्षे लागतील, ती त्याच्या बाबतीत एका हंगामात होऊ शके. फ्रँक डोनाल्डसन याने १९१५ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ट्रॅक्टरसाठी वायुशोधक बनविण्यास प्रारंभ केला, तो याच अनुभवातून. १९१७ पासून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये हवा पाण्यातून धुऊन घेण्याची योजना होती. कल्पना चांगली, पण पाणी उन्हात आटते आणि थंडीत गोठते. १९२० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कृषी विभागात ए. एच. हॉफमन यांनी ट्रॅक्टरच्या वायुशोधकांच्या तुलनात्मक चाचण्या घेतल्या. जाहिरातीतील दाव्यांऐवजी पकडलेल्या धुळीचे वजन हे प्रमाण मानण्याची पद्धत अशा प्रयोगांनी रूढ केली, हे त्यांचे खरे महत्त्व.

पाण्याची जागा तेलाने घेतली आणि तैलस्नान वायुशोधक, म्हणजे मिस्त्रींच्या बोलीतील ‘ऑइल बाथ’, रूढ झाला. त्याची रचना साधी असली तरी तीत विचार आहे. बाहेरची हवा एका नळीतून खाली येते. तळाच्या वाटीत ठरावीक खुणेपर्यंत तेल भरलेले असते. तेलाच्या पृष्ठभागाजवळ हवेला एकदम उलट दिशेने वर वळावे लागते. हवा वळते, पण जड धूलिकण जडत्वामुळे सरळ जाऊन तेलात आदळतात. वर वळणाऱ्या हवेबरोबर तेलाचे तुषार उडतात व वरच्या तारेच्या जाळीला भिजवितात. तेथे उरलेले कण चिकटतात, आणि जाळीवरून निथळणारे तेल ती घाण घेऊन पुन्हा वाटीत उतरते. अशा रीतीने हा शोधक चालता चालता स्वतःची जाळी धूत असतो. त्यात विकत घेऊन बदलावा लागणारा भाग नाही. एंजिनात घालतात तेच तेल चालते. वाटी उतरवावी, तळाचा चिखल खरवडून टाकावा, रॉकेलने धुवावी, नवे तेल ओतावे, एवढीच सेवा. दुसऱ्या महायुद्धातील ‘विलीज’ जीपमध्ये हाच शोधक होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने जीपगाड्यांची जोडणी सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक मिस्त्रींच्या हाती ही तेलाची वाटी आली.

या साधनाचे दोष त्याच्या गुणांतूनच उद्भवतात. जडत्वावर अवलंबून असल्यामुळे त्याला हवेचा वेग लागतो. एंजिन मंद गतीने फिरत असता हवा सावकाश वळते आणि बारीक कण तिच्याबरोबर निसटतात. तेल खुणेखाली गेले तर जाळी कोरडी पडते. खुणेवर गेले तर ते कार्ब्युरेटरकडे ओढले जाते. डीझेल एंजिनात तर हा धोका गंभीर आहे. कारण ओढलेले तेलच इंधन होऊन एंजिन आवरेनासे होऊ शकते. शिवाय तेलाची वाटी सरळ उभीच ठेवावी लागते. मोटारींची बोनेटे जसजशी खाली येऊ लागली तसतशी या उंच डब्याला जागा उरली नाही.

कृत्रिम राळेने भारलेल्या, घड्या घातलेल्या कागदाचा उपयोग १९४० च्या दशकात तेल गाळण्यासाठी होऊ लागला होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोच कागद अमेरिकन मोटारींच्या वायुशोधकांत आला आणि पुढील दशकात त्याने बहुतेक क्षेत्र व्यापले. फोक्सवॅगनची ‘बीटल’ दीर्घकाळ तेलाशी एकनिष्ठ राहिली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बीटलला कागदी गाळणी मिळाली ती १९७३ च्या नमुन्यापासून. चांगला तैलस्नान शोधक योग्य वेगाला सुमारे ९५ ते ९८ टक्के धूळ अडवितो, कागदी गाळणी ९९ टक्क्यांहून अधिक. वरवर पाहता हा फरक क्षुल्लक वाटतो. पण एंजिनाला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नाही, आत शिरलेल्या धुळीशी आहे. शंभर ग्रॅम धुळीतील पाच ग्रॅम आत जाणे आणि एक ग्रॅमहून कमी जाणे यांत पाचपटीहून अधिक अंतर आहे. शिवाय मंद गतीत कागदाची शक्ती घटत नाही. उलट त्यावर धुळीचा थर बसतो तसा तो अधिकच बारीक गाळतो. त्याची किंमत मात्र हवेच्या वाढत्या अडथळ्याच्या रूपाने द्यावी लागते.

जुन्या मोटारींच्या मालकांनी तेल सोडून कागद स्वीकारण्यास प्रारंभ केला तो या हिशेबामुळे, आणि काही अंशी तेलकट हातांच्या कंटाळ्यामुळेही. या रूपांतराचे दोन मार्ग आहेत. एक, संपूर्ण डबा काढून नवा बसविणे. दुसरा, बाहेरचे कवच कायम ठेवून आत वर्तुळाकार कागदी गाळणी बसविणे. दुसरा मार्ग दिसण्यास सभ्य, पण करण्यास कठीण. अनेक शोधकांत तारेची जाळी डब्याला पक्की जोडलेली असते. ती कापून काढली की परत बसविता येत नाही. गाळणीची दोन्ही टोके रबरी गॅस्केटवर घट्ट दाबली जावी लागतात. तेथे केसाएवढी फट राहिली तरी हवा सोपा मार्ग धरते आणि महाग कागद केवळ शोभेचा ठरतो. कागदाचे क्षेत्रफळ अपुरे असेल तर अडथळा लवकर वाढतो व मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण अधिक होते. एंजिनाच्या तळातील वाफा वायुशोधकात सोडणारी नळी ही आणखी एक अडचण. तेलाच्या वाटीला तेलकट वाफांचे काहीच वाटत नसे. कागद मात्र त्यांनी भिजून बंद होतो. म्हणून ही नळी दुसरीकडे वळवावी लागते. थंड देशांतील गाड्यांत गरम हवा आणणारी नळीही जुन्या डब्याला जोडलेली असे. ती निष्काळजीपणे काढली तर दमट थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरते. या गोष्टींचा विचार न करता केलेले रूपांतर मूळ शोधकाहून वाईट ठरते, आणि तशी उदाहरणे विरळ नाहीत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न उपस्थित होतो. जुनी मोटार चालती राहावी यासाठी तिचे एंजिन जपले पाहिजे. परंतु जो वायुशोधक कापून टाकला जातो तोही त्या काळाचा पुरावाच आहे. वाटीची खोली, तेलाची खूण, डब्यावरील सूचनांची पट्टी यांवरून त्या गाडीच्या निर्मात्याने कोणते रस्ते गृहीत धरले होते आणि मालकाकडून कोणत्या श्रमाची अपेक्षा केली होती हे वाचता येते. जेथे गाडी वर्षातून काही वेळा डांबरी रस्त्यावर फिरते तेथे पाच टक्के धुळीचा युक्तिवाद पुष्कळच दुबळा होतो, आणि जाळी कापण्याचे समर्थन करणे कठीण आहे. दररोज वापरल्या जाणाऱ्या जुन्या जीपची गोष्ट निराळी. आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांच्या महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या ट्यूरिन सनदेत आवश्यक फेरबदल शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगे असावेत व काढलेले मूळ भाग वाहनाबरोबरच जतन करावेत, असे धोरण सांगितले आहे. त्या दृष्टीने मूळ डबा अखंड काढून ठेवून दुसऱ्या डब्यात कागद बसविणे हाच अधिक प्रामाणिक मार्ग दिसतो, जरी बोनेट उघडणाऱ्याच्या डोळ्यांना तो कमी रुचला तरी.

भारतातील अनेक ट्रॅक्टरांवर तेलाची वाटी अद्यापि कायम आहे. पेरणीच्या दिवसांत ती उतरविली की तळाशी बोटभर काळा चिखल साचलेला दिसतो, आणि शेतकरी तो बांधावर ओतून वाटी पुन्हा खुणेपर्यंत भरतो.