नावडत्या विकराची गोष्ट

प्रयोगशाळेत आरएनएवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त धसका कशाचा? उत्तर एकच येईल : आरएनेज. हे विकर, म्हणजे एन्झाइम, आरएनएचे तुकडे पाडतं आणि ते आपल्या बोटांवरच असतं. विद्यार्थी असताना मी हातमोजे न घालता एक नळी उचलली आणि तीन दिवसांचं काम पाण्यात गेलं. उकळून मारावं, तर हे बेणं उकळीलाही दाद देत नाही.

१९४० साली रॉकफेलर संस्थेत मोझेस कुनिट्झ यांनी गाईच्या स्वादुपिंडातून याचे स्फटिक मिळवले. पुढे शिकागोच्या आर्मर या मांसाच्या कंपनीने सुमारे किलोभर आरएनेज शुद्ध करून शास्त्रज्ञांना वाटलं. मग काय, जो तो त्यावरच तुटून पडला! त्याची १२४ अमिनो आम्लांची साखळी आपली घडी आपणच घालते, हे ॲनफिन्सन यांनी दाखवलं. १९७२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि मूर-स्टाइन जोडीला मिळालं, ते याच विकरावरच्या कामासाठी.

पण शरीरात हे करतं काय? गाईपुरतं उत्तर सापडलं होतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जिवाणूंची फौज असते, त्यांचं आरएनए पचवायला ते लागतं. माणूस तर रवंथ करत नाही. मग आपल्या रक्तात, लाळेत, अश्रूंत याची भावंडं कशाला?

१९८५ साली हार्वर्डमध्ये बर्ट व्हॅली आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच शोधात होते : कर्करोगाची गाठ स्वतःकडे रक्तवाहिन्या कशा ओढून घेते? आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या, त्यातून त्यांनी एक प्रथिन वेगळं केलं. नाव ठेवलं अँजिओजेनिन. त्याची रचना वाचली, तर ते निघालं आरएनेजचं भावंड! आरएनए कापण्यात ते अगदीच मंद. पण तेवढीही धार बोथट केली, तर नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. २००६ साली याच्याच जनुकातले बिघाड एएलएसच्या काही रुग्णांत सापडले. स्टीफन हॉकिंग यांना होता तो आजार. म्हणजे जे गाठीला रक्त पुरवतं, तेच बिघडलं की चेतापेशींना जड जातं.

आणि माझी ती नळी? २००२ साली जर्मनीत निरोगी माणसाच्या त्वचेतून आरएनेज-७ वेगळं केलं गेलं. ते जिवाणू मारतं. गंमत अशी, की त्यासाठी त्याला आरएनए कापावंही लागत नाही. ते सरळ जिवाणूच्या पटलालाच भोकं पाडतं.