सुपारी न घेता वाजणारा ढोल

लग्न ठरले की आपल्याकडे दोन सुपाऱ्या लगेच द्याव्या लागतात. एक आचाऱ्याची आणि दुसरी बँडवाल्याची. सुपारी दिली, तारीख लिहून घेतली, की काळजी मिटली. ठरल्या वेळी वाजवणारे येणार, ठरलेले वाजवणार आणि हिशेब घेऊन जाणार. यात गैर काहीच नाही. ते त्यांचे पोट आहे. पण या सवयीमुळे एक गोष्ट आपण विसरून जातो. वाद्य वाजवणे हे नेहमीच भाड्याने आणायचे काम नव्हते आणि आजही सगळीकडे तसे नाही.

दिवसभर शेतात, कारखान्यात किंवा कचेरीत राबायचे, मग एकत्र जमून वाद्ये वाजवायची आणि त्याबद्दल कोणाकडून पैसा घ्यायचा नाही, असे वाद्यवृंद जगात गावोगाव आहेत. त्यांना इंग्रजीत कम्युनिटी बँड म्हणतात. आपण त्यांना लोकांचा बँड म्हणू. या बँडचा इतिहास थोडक्यात पाहू आणि मग आपल्या सातपुड्यात येऊ. कारण हा प्रकार आपल्याला परका नाही.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्या आणि कोळशाच्या खाणी वाढल्या. खेड्यांतली माणसे कामगार होऊन नव्या वस्त्यांत आली. त्याच सुमारास पितळी वाद्यांना झडपा बसवण्याची युक्ती निघाली. झडपेमुळे तुतारीसारख्या वाद्यातून सगळे स्वर काढता येऊ लागले आणि शिकणेही सोपे झाले. दिवसभर यंत्रावर काम करून ज्यांची बोटे राठ झाली होती, त्यांनाही तीन झडपा दाबणे अवघड नव्हते. यॉर्कशायरमधल्या क्वीन्सबरी गावी जॉन फॉस्टर या गिरणीमालकाने १८५५ मध्ये गावच्या बँडला आधार दिला. तो ब्लॅक डाइक मिल्स बँड. वादक बहुतेक गिरणीतलेच. १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत अशा बँडच्या स्पर्धा भरू लागल्या आणि गावेच्या गावे आपल्या बँडच्या पाठीशी उभी राहू लागली. अमेरिकेतही असेच झाले. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन गावचा बँड १८२८ पासून वाजतो आहे.

या बँडचा उद्देश काय होता? चांगले वाजवणे हा तर होताच. पण मुळापासून उखडून आलेल्या माणसांना ‘हे आपले गाव’ असे म्हणता यावे, हेही काम तो करत होता. लग्न असो, मयत असो, संप असो, बँड गावाबरोबर असे.

पितळी वाद्ये आपल्याकडे आली ती पलटणींबरोबर. पुढे संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले, पोलिसांचे बँड झाले आणि त्यांतून लग्नाचा बँड निघाला. गोव्यात चर्चच्या शाळांतून गावच्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे तयार झालेल्या वादकांनी मुंबईचे बँड आणि पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले. वाद्य आले, कला आली. पण गावाने स्वतः उभे राहून वाजवायची रीत मात्र बँडबरोबर आली नाही. वाजवणारे एकीकडे आणि वाजवून घेणारे दुसरीकडे, अशी वाटणी आपल्या गावगाड्यात आधीपासूनच होती.

ही वाटणी साधी नव्हती. सनई, संबळ, हलगी ही वाद्ये कोणी वाजवायची हे जातीने ठरलेले होते. गुरव, मातंग, होलार, घडशी यांच्या वाट्याला ते काम येई. देवळात, मिरवणुकीत, पाटलाच्या दारी वाजवायचे. पण पंगतीला मात्र लांब बसायचे. वाजवायला नकार देणे म्हणजे गावाशी वैर घेणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीच्या अशा कामांवर प्रहार केला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली ही कनिष्ठ वतने रद्द झाली. अनेक गावांत तरुणांनी वाद्य खाली ठेवले, ते संगीत आवडत नव्हते म्हणून नव्हे. आपल्या इच्छेने वाजवण्याचा हक्क हवा असेल, तर न वाजवण्याचा हक्क आधी मिळावा लागतो. ‘स्वेच्छेने वाजवतो’ हे शब्द आपल्या मुलखात म्हणूनच वजनदार आहेत.

गेल्या काही दशकांत पुण्यात एक उलटा प्रवाह दिसला. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी विद्यार्थ्यांची ढोल-ताशा आणि बरचीची पथके उभी केली. पुढे शाळांची, तरुण मंडळांची, मुलींची पथके निघाली. गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने नदीपात्रात संध्याकाळचा सराव चालतो. ढोल कमरेला बांधून घामाघूम होणाऱ्यांत महाविद्यालयातली मुले असतात, बँकेतले कर्मचारी असतात, संगणक कंपन्यांतले अभियंते असतात. मिळालेले मानधन वाद्यांच्या दुरुस्तीला आणि अनेक ठिकाणी सामाजिक कामाला जाते. आवाजाबद्दल तक्रारी होतात आणि त्या खोट्या नाहीत. पण एके काळी हलके मानलेले काम पांढरपेशा घरांतल्या मुलामुलींनी हौसेने खांद्यावर घेतले, ही गोष्ट लहान नाही.

आता सातपुड्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकवस्ती आदिवासी आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे समाज इथे राहतात. नवापूरकडच्या कोकणी पाड्यांत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचे हे वाद्य. ते फुंकायचे म्हणजे छातीत दम हवा. सातपुड्याच्या वरच्या अंगाला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, मान आहे तो ढोलाचा. हा ढोल शहरातल्या ढोलाएवढा नसतो. चांगला मोठा असतो. उचलायलाच गडी लागतो.

या ढोलाचा हंगाम म्हणजे होळी. सातपुड्यातली होळी एकाच रात्री सगळीकडे पेटत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब या देवस्थानची होळी आधी, मग काठी, मग मोलगी, धडगाव आणि आसपासची गावे, असा क्रम लागलेला असतो. याचा फायदा काय? एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या होळीला ढोल घेऊन जाऊ शकतात. आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. पाश्चात्त्य बँडचे दौरे छापील कार्यक्रमपत्रिकेवर चालतात. सातपुड्यातला दौरा या तिथींच्या क्रमावर चालतो.

यांत काठीची राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध. परंपरेने तिच्या आरंभाचे साल १२४६ सांगितले जाते. होळीसाठी सुमारे ७० फूट उंचीचा बांबू गुजरातच्या जंगलातून आणतात. तो रोवायचा खड्डा अवजार न लावता हातांनी खोदला जातो. संध्याकाळपासून गावोगावचे ढोल काठीत येऊ लागतात. रात्रभर रिंगण चालते आणि होळी पेटते ती पहाटे. तोवर ढोल थांबत नाही. एकाचा हात थकला की दुसरा पुढे होतो. ढोलाबरोबर पावा असतो, घुंगरू असतात आणि नाचणाऱ्यांच्या कमरेला बांधलेल्या वाळक्या भोपळ्यांचा खुळखुळाट असतो.

नाचणाऱ्यांत बावा आणि बुध्या असतात. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा उंच टोप आणि अंगावर राखेची नक्षी. पाहुण्यांना हा वेष म्हणजे फोटोची संधी वाटते. त्यामागे नवस असतो. होळीच्या दिवसांत तो पाळणाऱ्याने खाटेवर बसायचे नाही, पायांत वहाण घालायची नाही, ब्रह्मचर्य राखायचे. शहरातल्या पथकात तालमीला वेळेवर येण्याची शिस्त असते. इथे नियम आणखी कडक आहेत आणि ते मोडले की नाही हे पाहायला दुसरा कोणी नसतो. ज्याचे त्यानेच पाहायचे.

या वाद्यवृंदाला स्वरलिपी नाही, चालक नाही, वर्गणीची पावती नाही. तरी लोकांच्या बँडची सगळी लक्षणे त्यात आहेत. होळीचा ढोल वाजवणारे त्या गावातलेच असतात. शिकायचे ते मोठ्यांच्या शेजारी उभे राहून. लहान पोर आधी रिंगणात नाचते, मग घुंगरू बांधते आणि एखाद्या वर्षी त्याच्या हातात टिपरू येते. ऐकणारा आणि वाजवणारा यांत कायमची भिंत नाही. जातीने लादलेले वादन आणि पैशासाठीचे वादन या दोन्हींपासून वेगळी अशी ही तिसरी वाट आहे, आणि ती पुण्यातल्या पथकांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

पण ढोल वाजायला आधी गाव हवे. १९७९ मध्ये नर्मदा लवादाचा निवाडा झाला. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावे आली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. १९९३ पासून मणिबेली आणि पुढची गावे पाण्याखाली जाऊ लागली. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीचे म्हणून राष्ट्राला अर्पण झाले. या गावांतली कुटुंबे काही तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसली, काही गुजरातेत गेली, काही वरच्या डोंगरावर सरकली. घराचा, शेताचा मोबदला कागदावर मोजता येतो. पण एका ढोलाभोवती जमणारी माणसे तीन ठिकाणी वाटली गेली, तर तो ढोल कोणत्या गावाचा? त्याचा पंचनामा कोणत्याही फायलीत नाही.

दुसरी फाटाफूट दरवर्षी होते. पावसाळा संपला की या डोंगरातली हजारो कुटुंबे गुजरातच्या ऊसपट्ट्यात तोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. उचल आधी घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि होळी मध्येच येते. तरीही फडावरचे लोक होळीला गावी येतात. जाण्यायेण्याचे भाडे आपले, बुडालेली मजुरी आपली. चार-सहा दिवस ढोल वाजवायचा, नाचायचे, देव पुजायचा आणि पुन्हा फडावर. स्वेच्छेच्या वादनाला पैसे पडत नाहीत असे आपण म्हणतो. ते खरे नाही. पडतात, पण ते वाजवणाराच भरतो.

म्हणून मला वाटते, सातपुड्याचा ढोल ही गावाची वार्षिक हजेरी आहे. कोण आले, कोण आले नाही, कोणाच्या घरी सून आली, कोण गेले, हे त्या रिंगणात कळते. यॉर्कशायरच्या गिरणगावात बँड जे काम करत होता, तेच काम इथे होते.

आज लग्नकार्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ध्वनिक्षेपकांची भिंत घेऊन येणारा भाड्याचा बँड सातपुड्यातही पोचला आहे. त्यात वाजवणारी मुलेही आदिवासी आहेत आणि त्यातून त्यांना दोन पैसे मिळतात, तेव्हा त्यांना नावे ठेवू नयेत. दुसरीकडे, होळीच्या नृत्याला शहरांतून मंचावर बोलावणी येतात. दहा मिनिटांत होळी दाखवायची, प्रमाणपत्र घ्यायचे, उतरायचे. यातूनही ओळख वाढते. मात्र दहा मिनिटांच्या कार्यक्रमात एकाचा हात थकून दुसऱ्याने पुढे होण्याची वेळच येत नाही, आणि त्या बदलातच नवा वादक घडत असतो. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन ठरवला. त्या दिवशी नंदुरबार-शहाद्याच्या रस्त्यांवर शिकलेली तरुण मंडळी पारंपरिक वाद्ये घेऊन निघतात. ती सुपारी घेऊन आलेली नसतात. ढोल मिरवण्याची लाज गेली आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

ही परंपरा टिकवायची म्हणजे ढोल संग्रहालयात ठेवायचा असे नव्हे. कारखान्याने होळीच्या दिवसांची रजा मजुरी न कापता दिली, आश्रमशाळेतल्या मुलांना आपल्या गावच्या होळीच्या तिथीप्रमाणे घरी जाता आले, पुनर्वसित गावांत रिंगणापुरती मोकळी जागा राखली गेली, तर पुष्कळ होईल. वाजवायला कोणी शिकवावे लागणार नाही. वाजवणाऱ्यांना वेळेवर घरी पोचता आले पाहिजे, एवढेच.