गरोदरपणातली साखर आणि दोन जिवांचं ताट



आपल्या केंद्रावर येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो. सहावा-सातवा महिना लागला, रक्त तपासलं, साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पथ्य सांभाळा. घरी आल्यावर सासूबाईंनी भात बंद केला, जावेने फळं बंद केली, आणि शेजारणीने सांगितलं की एक वेळ उपाशी राहिलीस तर साखर आपोआप उतरेल. मग ती पोरगी विचारते, "ताई, मी खाऊ काय? आणि मी खाल्लं नाही तर बाळ काय खाईल?"

प्रश्न साधा वाटतो, पण मोठमोठ्या वैद्यांना आणि डॉक्टरांना तो फार वर्षं सुटला नव्हता. पथ्य म्हणजे उपास ही समजूत काही तुमच्या सासूबाईंनी काढलेली नाही. एके काळी जगातले नामांकित डॉक्टर तेच सांगत होते. ते का सांगत होते आणि त्यांना ते का सोडावं लागलं, त्याची आज गोष्ट.

सुरुवात आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांपासून करू. चरक आणि सुश्रुत या दोघांनाही प्रमेह माहीत होता. लघवी गोड होते, तिला मुंग्या लागतात, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. सुश्रुताने तर दोन प्रकार सांगितले: एक जन्मतःच येणारा आणि दुसरा चुकीच्या खाण्यापिण्याने होणारा. उपाय म्हणून खाण्यात जव हवेत आणि अंगाला कष्ट हवेत. गरीब रोग्याने अनवाणी, छत्रीशिवाय शंभर योजनं चालावं, असाही सल्ला आहे. (श्रीमंताला मात्र तेवढं चालायला सांगितलेलं नाही. असो.)

आता याच सुश्रुताने गर्भवतीबद्दल काय म्हटलंय बघा. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून तिला दोन हृदयं असतात, ती 'दौहृदिनी' होते. तिला जे खावंसं वाटेल ते द्यावं, नाही दिलं तर बाळाला बाधतं. आपला 'डोहाळे' हा शब्द याच कुळातला. डोहाळेजेवणात पाच-सात गोड पदार्थांनी ताट भरतं त्यामागे एवढा जुना विचार आहे.

म्हणजे एका बाजूला प्रमेहाचं पथ्य आणि दुसऱ्या बाजूला डोहाळे. एकीकडे खाऊ नको, दुसरीकडे खाल्लंच पाहिजेस. दोन्ही नियम एकाच बाईवर लागू झाले तर तिने काय करायचं? साखर निघालेली आजची सून याच कोंडीत अडकलेली असते, आणि तिच्या ताटाबद्दल तिच्याशिवाय घरातल्या सगळ्यांना मत असतं.

ही कोंडी कागदावर उतरली ती जर्मनीत. १८२३ साली बर्लिनच्या इस्पितळात बावीस वर्षांची एक बाई आली. पाचवं बाळंतपण. तहान एवढी, की पाणी किती प्यायली तरी भागेना, आणि लघवीत साखर. हाइनरिश बेनेविट्झ नावाच्या डॉक्टरने तिची हकीकत आपल्या प्रबंधात १८२४ मध्ये लिहिली. तिचं बाळ बारा पौंडांचं होतं, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचं, आणि ते जन्मताना दगावलं. बाई वाचली. बाळंत झाल्यावर तिची तहान गेली, साखरही गेली. बेनेविट्झने निष्कर्ष काढला की हा मधुमेह गरोदरपणामुळेच आला होता. हे निरीक्षण फार नेमकं होतं. पण पुढे कितीतरी वर्षं त्याचं कुणी काही केलं नाही.

१८८२ मध्ये लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनी अशा बऱ्याच बायांच्या हकीकती एकत्र केल्या. त्यांनी स्पष्ट म्हटलं की मधुमेह कधीकधी फक्त गरोदरपणातच येतो आणि नंतर निघून जातो. पण त्या हकीकती वाचवत नाहीत. कितीतरी बाळं पोटातच गेलेली, आणि कितीतरी आयाही. औषध असं काही नव्हतंच. डॉक्टरच्या हातात एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे रोग्याचं ताट.

त्या ताटावर त्या काळात जे प्रयोग झाले ते ऐकून अंगावर काटा येतो. १७९७ मध्ये जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी डॉक्टरने आपल्या एका रोग्याचं धान्य-भाजी जवळजवळ बंद करून त्याला चरबीचं जुनं मांस आणि रक्त घालून केलेले पदार्थ खायला लावले. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाचा तुटवडा झाला, आणि बुशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली. त्यांनी सांगायला सुरुवात केली, जेवढं कमी खाल तेवढं बरं. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी याचीच पद्धत बनवली: आधी उपास, मग मोजूनमापून अगदी थोडं अन्न, भाज्यासुद्धा तीनतीनदा पाणी बदलून उकडलेल्या, त्यातलं पीठूळपण निघून जावं म्हणून. रोगी हाडांचा सापळा होई, पण साखर उतरे. ॲलन काही दुष्ट नव्हते. त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, आणि उपासाने माणूस वर्ष-दोन वर्षं तरी जगे.

एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी ॲलन यांच्याच हाताखाली होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला नेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होत आली होती आणि वजन होतं जेमतेम वीस किलो. तिथे फ्रेडरिक बॅंटिंग यांनी तिला नवंनवं सापडलेलं इन्सुलिन दिलं. ती नुसती जगली नाही. तिने लग्न केलं, तिला तीन मुलं झाली आणि ती सत्तरीपार गेली.

इन्सुलिन आलं तेव्हा मधुमेही मुली मोठ्या होऊ लागल्या, आणि साहजिकच गरोदर राहू लागल्या. बॉस्टनला प्रिसिला व्हाइट नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या, १९२४ पासून जोस्लिन यांच्या दवाखान्यात. मधुमेह असलेल्या बाईने मूल होऊ देऊ नये, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर सांगत. व्हाइट बाईंनी ते मानलं नाही. त्यांनी सुरुवात केली तेव्हा अशा बायांची निम्मी-शिम्मी बाळंच हाती लागत. त्या १९७४ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा दहांतली नऊ बाळं सुखरूप घरी जात होती. एका बाईच्या हयातीत एवढा फरक पडला.

बाळ मोठं का होतं, याचा उलगडा डेन्मार्कच्या यॉर्गन पीडर्सन यांनी केला. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. साखर जास्त आली की बाळ आपल्या इवल्याशा स्वादुपिंडातून स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि त्याने त्याच्या अंगावर चरबी चढते. बर्लिनच्या त्या बारा पौंडी बाळाचं कोडं असं सव्वाशे वर्षांनी सुटलं. आणि ज्या बाईला आधी कधीच मधुमेह नव्हता तिला तो सहाव्या-सातव्या महिन्यात का होतो? तर वारच अशी संप्रेरकं सोडते की आईचं इन्सुलिन कमी पडायला लागतं. बहुतेकींचं शरीर ते भरून काढतं, काहींचं पुरत नाही. तेव्हा "तूच गोड खाल्लंस म्हणून झालं" असं जे बाईला ऐकवलं जातं ते खरं नाही. वार बाहेर आली की साखरही बहुतेक वेळा उतरते.

या आजाराला स्वतंत्र नाव मिळालं १९५७ मध्ये, एल्सी कॅरिंग्टन या अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या लेखात. १९६४ मध्ये बॉस्टनचे ओ'सुलिव्हन आणि त्यांच्या संख्याशास्त्रज्ञ सहकारी क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर बायांना साखरेचं पाणी पाजून तपासणीच्या मर्यादा ठरवल्या. गंमत अशी की त्या मर्यादा बाळाला काय होईल हे बघून ठरवलेल्या नव्हत्या. या बाईला पुढच्या आयुष्यात मधुमेह होईल का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. इन्सुलिन आल्यावरही उपासाची सवय डॉक्टरांच्या मनातून लगेच गेली नाही. तिला धक्का दिला शिकागोच्या नॉर्बर्ट फ्राइंकेल यांनी. त्यांनी दाखवून दिलं की गरोदर बाईचं शरीर उपाशी राहिलं की इतरांपेक्षा फार लवकर 'उपासमारीच्या' वाटेला लागतं. बाळ तर सारखं घेतच असतं, म्हणून आईच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची द्रव्यं रक्तात साठतात. १९८२ मध्ये त्यांच्या गटाने दिवस भरत आलेल्या निरोगी गरोदर बायांवर हे तपासलं. रात्रीच्या जेवणानंतर नुसती सकाळची न्याहारी चुकवली आणि दुपार केली, एवढ्यानेही हा बदल दिसला. एक न्याहारी, बायांनो!

आपल्याकडे किती जणी अशा आहेत की सकाळी सगळ्यांचे डबे भरून, गुरांचं करून, अकरा-बारा वाजता पहिला घास खातात? त्यात संकष्टी, एकादशी, हरतालिका. आणि उपास सोडताना काय, तर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो टॅपिओकाच्या कंदापासून बनतो, तो कंद दक्षिण अमेरिकेतून आला आणि तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाणा धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. आपल्या पणजीच्या पणजीने काही साबुदाण्यावर एकादशी केलेली नाही. तेव्हा धर्म बुडेल ही भीती निदान साबुदाण्यापुरती तरी नको. दिवसभर पोट रिकामं आणि मग एकदम भरलेली बशी, हे साखर निघालेल्या बाईला दोन्हीकडून मारतं.

म्हणून आज डॉक्टर सांगतात ते पथ्य उपासाचं नाही, वाटणीचं आहे. दिवसाचं तेवढंच अन्न, पण तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडंथोडं. भात बंद नाही, भाताचा डोंगर बंद. एक वाटी भात, त्याच्यासोबत घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, मेथी-शेपूची भाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी. पेरू चालतो, पण रस काढून नाही. चहातली साखर आणि बिस्किटं मात्र खरोखर सोडायची. झोपताना बिनसाखरेचं कपभर दूध, म्हणजे रात्रीचा उपास लांबत नाही. तुमच्या तब्येतीप्रमाणे माप तुमच्या डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. इन्सुलिन घ्यायला सांगितलं तर घाबरू नका, आणि ते टाळण्यासाठी जेवण तर मुळीच कमी करू नका.

एवढ्याने खरंच भागतं का? २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हजार बायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहाराचा सल्ला, साखर तपासत राहणं आणि लागलं तर इन्सुलिन, हे ज्यांना मिळालं त्यांच्या बाळांत गंभीर त्रास शंभरात एकाला झाला, नेहमीसारखी देखभाल मिळालेल्यांत शंभरात चौघांना. सल्ला मिळालेल्यांपैकी पाचांत एकीलाच इन्सुलिन लागलं. २००९ च्या अमेरिकन अभ्यासात आजार सौम्य होता, तिथे तर शंभरात आठ जणींनाच लागलं. बाकीच्यांचं ताटावर भागलं.

आपल्या देशात हे काम चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी गावपातळीवर नेलं. तमिळनाडूत बारा हजारांहून जास्त गरोदर बाया तपासल्या तेव्हा शहरात शंभरात जवळजवळ अठरा आणि खेड्यांत दहा जणींना हा त्रास निघाला. म्हणजे 'हा शहरातल्या बायांचा रोग' हे म्हणणं गेलं. गावातल्या बाईला उपाशीपोटी दवाखान्यात बोलावलं तर ती परत येत नाही, हे ओळखून त्यांनी अशी तपासणी रुजवली की जेवून आलं तरी चालतं: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर साखर आहे. सरकारी दवाखान्यांसाठीही हीच पद्धत ठरली आहे: पहिल्या भेटीत एकदा, आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा.

आणि आपलं पुणं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त. गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं चांगली भरली. त्या बाया काही शहरी सुखवस्तू नव्हत्या, शेतात राबणाऱ्या होत्या. आईला उपाशी ठेवून बाळाचं भलं होत नाही, हे सांगायला आता शिकागोला जायची गरज नाही.

राहिला तो ओ'सुलिव्हन यांचा मुद्दा. बाळंत झाल्यावर साखर उतरली की आपण विसरून जातो. पाचवीपासून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शिरा, खीर सुरू होते. पण जिला एकदा गरोदरपणात साखर निघाली तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तीच ७५ ग्रॅमची तपासणी करायची असते. ही मात्र उपाशीपोटी, त्यामुळे सकाळी लवकर जायचं, आणि ती झाली की तिथेच बसून खायचं. दीड महिन्याची लस टोचायला बाळाला नेतोच ना आपण? त्याच दिवशी आईचंही रक्त देऊन यायचं. सोबत एक भाकरी बांधून घ्या.