ट्रान्सप्युटर व परम महासंगणक

गणन विभाग, स्मृती आणि शेजारच्या घटकांशी थेट जोडणारे दुवे एकाच सिलिकॉन तुकड्यावर सामावून घेणारा संस्कारक, म्हणजेच प्रोसेसर, ट्रान्सप्युटर या नावाने ओळखला जातो. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीने (स्थापना १९७८) तो विकसित केला. १९८७ मधील टी ८०० या आवृत्तीत ४ किलोबाइट स्मृती, चार दुवे व दशांश अपूर्णांकांच्या गणितासाठी स्वतंत्र विभाग होता. मोठ्या संगणकासाठी असे अनेक तुकडे केवळ दुव्यांनी जोडावे लागत. भारताला याचेच महत्त्व होते.

महासंगणकांच्या विक्रीवर अमेरिकेचे निर्बंध होते. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीत एक क्रे संगणक आला, तोही कडक अटींवर. या परिस्थितीत मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. त्याचे संचालक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. अतिवेगवान संस्कारक देशात तयार करणे शक्य नव्हते. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात १९८४ पासून उत्पादन होऊ लागले होते. तथापि १९८९ मधील आगीत तो उद्ध्वस्त झाला. म्हणून बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर समांतर जोडून १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध करण्यात आला. शेकडो संस्कारकांत काम वाटून देणारी ‘परास’ ही आज्ञावली-व्यवस्थाही पुण्यातच तयार झाली. खरे कर्तृत्व तिच्यात आणि जोडणीत होते.

संस्कारक मात्र परकाच राहिला. इन्मॉस १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली. १९९१ मध्ये घोषित झालेला टी ९००० हा टी ८०० च्या दहापट वेगवान ठरेल, अशी अपेक्षा होती. परंतु त्याची रचना अतिशय गुंतागुंतीची झाली. उत्पादन लांबत गेले, नमुने नियोजित वेग गाठू शकले नाहीत आणि अखेर तो सोडून द्यावा लागला. परम ९००० (१९९४) सुपरस्पार्कवर, तर परम १०००० (१९९८) अल्ट्रास्पार्कवर उभारण्यात आला. संस्कारक बदलला तरी समांतर जोडणीचे ज्ञान वाया गेले नाही.

पुढे सी-डॅकने स्वतः संस्कारकाचा आराखडा हाती घेतला. ९६ गाभ्यांचा एयूएम हा आर्म कंपनीच्या गाभ्यांवर आधारलेला असून त्याचे उत्पादन तैवानमधील टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेने करण्याचे योजण्यात आले. मोहालीच्या पुनर्रचित कारखान्याची प्रक्रिया १८० नॅनोमीटरची आहे.