धुराची नोंदवही : लंडन, मॉरवेल आणि उरुळी देवाची

१. एप्रिल २०१७. पुण्याच्या आग्नेयेस, सासवड रस्त्यालगतच्या उरुळी देवाची येथील कचरा डेपोला मोठी आग लागली आणि धूर उरुळी व फुरसुंगी या दोन्ही गावांवर पसरला. ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवड्यांहून अधिक काळ शहराचा कचरा शहरातच तुंबून राहिला. मे महिन्याच्या आरंभी, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या मध्यस्थीनंतर आंदोलन थांबले. रस्त्यांवर किती टन कचरा साचला, हे तेव्हा वृत्तपत्रांत येत होते. धुराच्या त्या दिवसांत गावांतील किती जणांना दम्याचा पंप जवळ ठेवावा लागला, याची नोंद होईल अशी एकही वही मात्र व्यवस्थेत नव्हती. ती का नव्हती, आणि जगात इतरत्र ती कशी तयार झाली, याचा हा इतिहास.

२. आधी डेपोविषयी. आज वनाज परिसरात जेथे मेट्रोचा डेपो आहे, तेथे एके काळी कोथरूडचा कचरा डेपो होता. शहर वाढत वाढत त्याच्या कुंपणाला भिडले, रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो बंद झाला. कचरा निर्माण होणे थांबले नव्हते; त्याचा भार उरुळी देवाचीवर पडला. तेथील विहिरींचे पाणी नासले आणि पिण्यासाठी टँकरची वाट पाहणे गावांच्या अंगवळणी पडले. कचरा शहराचा आणि त्याचा त्रास गावाचा, ही तक्रार २०१७ च्या आगीपूर्वीच जुनी झाली होती.

३. कचऱ्याच्या डोंगराची आग लवकर का विझत नाही? ओला कचरा थरांखाली दबला की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. वरची ज्वाला पाण्याने शमते, परंतु आतला निखारा धुमसतच राहतो. मग यंत्रांनी थर उकरावे लागतात, माती टाकून हवा तोडावी लागते. धुमसत्या आगीत ज्वलन अपुरे होते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. प्लास्टिक जळत असेल तर डायॉक्सिनसारखी विषेही त्यात मिसळतात.

४. यांपैकी अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. श्वासनलिकांना सूज येते, दमा उसळतो, हृदयावरचा ताण वाढतो. भारतीय मानकानुसार हवेतील या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ इतकी सुचवली. मात्र असा धूर बहुतेकांना तत्काळ मारत नाही. तो आजारी पाडतो, औषधाचा डोस वाढवायला लावतो, झोप मोडतो. त्याचा परिणाम मृत्यूंच्या नोंदवहीत शोधू गेले, तर फारच थोडा सापडतो.

५. तरीही धुराचा पहिला मोठा हिशेब मृत्यूंच्याच नोंदवहीतून मांडला गेला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे दाट आवरण बसले. घडत असलेल्या अनर्थाचा आवाका त्या वेळी कोणाला नीटसा कळला नाही. पुढे मृत्यूंच्या नोंदी मोजल्या गेल्या, तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावल्याचे दिसले. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. लंडनच्या धुराला इतिहासात जागा मिळाली, कारण प्रत्येक मृत्यू तेथे आधीपासूनच लिहिला जात होता.

६. पुढचा टप्पा ऑस्ट्रेलियातील. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील हेझलवूड येथे वणव्याच्या ठिणग्या तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणीत पडल्या. ती आग ४५ दिवस चालली. खाणीला लागूनच मॉरवेल हे छोटे शहर आहे. लहान मुले, वृद्ध, गर्भवती आणि हृदय-फुप्फुसांचे रुग्ण यांनी शहराचा दक्षिण भाग तात्पुरता सोडावा, असा सरकारी सल्ला आला तो २८ फेब्रुवारीला. तोवर जवळजवळ तीन आठवडे लोक तोच धूर श्वासात घेत होते. लोकांचा रोष वाढला, चौकशी आयोग नेमला गेला. मृत्यूंचा प्रश्न नागरिकांनी लावून धरल्याने पुढे ती चौकशी पुन्हा उघडावी लागली.

७. त्यानंतर मोनॅश विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली हेझलवूड आरोग्य अभ्यास सुरू झाला. ऑस्ट्रेलियात औषधांवर सरकारी अनुदान मिळते. त्यामुळे दुकानातून दिल्या गेलेल्या अशा औषधांची राष्ट्रीय पातळीवर नोंद राहते. संशोधकांनी ती नोंद आणि धुराच्या पातळीचे दिवसवार अंदाज शेजारी ठेवून पाहिले. धूर वाढला तशी दम्याची व श्वसनाची औषधे अधिक दिली गेली, हे अपेक्षितच होते. परंतु हृदयविकाराच्या औषधांतही वाढ दिसली, आणि मानसिक आजारांवरील औषधांतही. खिडक्या बंद करून बसलेल्या शहराचे भय आणि निद्रानाश औषधाच्या पावत्यांत उतरले होते.

८. महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेली अशी आग देवनारची. १९२७ पासून मुंबईचा कचरा सोसणाऱ्या या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस आग लागली. धुराचा लोट उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. परिसरातील महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये आग पुन्हा भडकली. मुंबईची हवा तेव्हा मोजली जात होती ती ‘सफर’ या यंत्रणेने. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ही यंत्रणा घडवली. पुण्यात ती २०१३ मध्ये आणि मुंबईत २०१५ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे २०१७ पर्यंत पुण्याजवळ हवेची नोंदवही होती. माणसांच्या औषधांची नव्हती.

९. का नव्हती, हे समजण्यासाठी आपल्याकडील खोकणाऱ्या माणसाची वाट पाहावी. आधी घरचा काढा आणि वाफारा. मग ओळखीचे औषधांचे दुकान. तेथे नियमाने डॉक्टरांची चिठ्ठी लागते, व्यवहारात अनेकदा जुन्या स्ट्रिपचा रिकामा तुकडा पुरतो. मग खासगी दवाखाना आणि नेब्युलायझर; पैसे रोख, आजाराची नोंद डॉक्टरांच्या आठवणीत. अगदीच धाप लागली तर ससून किंवा दुसरे मोठे रुग्णालय. या वाटेवरील शेवटच्या टप्प्याशिवाय कोठेही सार्वजनिक दप्तरात पक्की नोंद पडण्याची खात्री नसते. दमा असलेल्या मजुराने धुराच्या आठवड्यात एकाऐवजी दोन पंप विकत घेतले, तर तो खर्च फक्त त्याच्या घराला ठाऊक असतो.

१०. त्यात दप्तरही स्थिर राहिले नाही. आगीच्या वेळी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत होत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन्ही गावे पुणे महापालिकेत आली. पुढे ती वगळण्यात आली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. एकाच धुराचा दीर्घकालीन हिशेब ठेवायचा, तर तो कोणी ठेवायचा, हा प्रश्न सात वर्षांत तीनदा नव्याने उभा राहिला.

११. भारतात अशी मोजणी अशक्य आहे काय? उत्तर पुण्यातच आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशातील ८८० शहरे-गावांतील सुमारे ७,४०० डॉक्टरांकडून त्यांच्या दवाखान्यात आलेल्या रुग्णांची माहिती लिहून घेतली. २,०४,९१२ रुग्णांची ही नोंद २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक रुग्ण श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. साधा छापील तक्ता आणि डॉक्टरांची तयारी एवढ्या भांडवलावर हे काम झाले.

१२. उरुळीच्या धुराचे जे पुरावे आज हाती लागतात, ते असे: अडवलेल्या गाड्यांची छायाचित्रे, आंदोलनाच्या बातम्या, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढील कागद, जुन्या कचऱ्याच्या बायोमायनिंगची कंत्राटे. हे सारे प्रशासनाचे आणि संघर्षाचे पुरावे आहेत. आजाराचा पुरावा दवाखान्यांच्या जुन्या केसपेपरांत, औषधविक्रेत्यांच्या बिलांच्या गठ्ठ्यांत आणि त्या वेळी खोकणाऱ्या माणसांच्या स्मरणात विखुरलेला आहे. बिले रद्दीत जातात, माणसे वृद्ध होतात. मॉरवेलच्या लोकांना आपला त्रास सिद्ध करता आला, कारण तो आधीच कोठेतरी लिहिला गेला होता. फुरसुंगीच्या लोकांना तो सांगण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले.